कर्णासाठी अश्रू आणि फकिरासाठी कपाट



सध्या आपण कोणती कादंबरी वाचता आणि तिच्याविषयी आपले मत काय? वरवर पाहता हा प्रश्न अगदी निरुपद्रवी आहे. सुशिक्षितांच्या बैठकीत चहाबरोबर तो विचारला जातो आणि चहा संपण्यापूर्वी त्याचे उत्तरही देऊन होते. कोणी म्हणतो 'आवडली', कोणी म्हणते 'रडू आले', कोणी भाषेची तारीफ करतो. मग विषय बदलतो. आमचे म्हणणे असे की, कोणाच्या दुःखाला दुःख म्हणावयाचे आणि कोणाच्या दुःखाला नुसती माहिती म्हणावयाचे, ह्याचा निवाडा महाराष्ट्रात ज्या ज्या ठिकाणी रोज होत असतो, त्यांपैकी ही चहाची बैठक हे एक ठिकाण आहे. त्या न्यायासनापुढे आपली माणसे बहुधा हजर नसतात. आणि हजर असली तरी तोंड उघडीत नाहीत. ह्या मौनाविरुद्ध आज लिहावयाचे आहे.

त्यास निमित्त पाचगणीचे आहे. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना भिलार नावाचे गाव लागते. स्ट्रॉबेरीसाठी ते आधीपासून प्रसिद्ध होतेच. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचे गाव' म्हणून जाहीर झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय ह्या गावाची कल्पना त्यामागे होती. पण तेथे जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत आणि ग्राहक आहेत, येथे मात्र पुस्तके विक्रीस नसून वाचावयास ठेवली आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने आरंभी २५ ठिकाणी मिळून सुमारे १५,००० पुस्तके मांडली. ती गावकऱ्यांच्या राहत्या घरांतून मांडली, विषयवार मांडली: एका घरी कविता, एका घरी संतवाङ्मय, एका घरी इतिहास, एका घरी कादंबऱ्या. कोणीही यावे, बसावे, वाचावे.

ह्या योजनेची थट्टा करणारे शहाणे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. ज्या महाराष्ट्रात परक्या माणसाने ओसरीवर पाय ठेवण्यापूर्वी त्याचे आडनाव, आणि आडनावावरून उमगले नाही तर गाव, आणि गावावरूनही उमगले नाही तर पाहुणे विचारले जात, त्या महाराष्ट्रातील एका खेड्यात अनोळखी माणूस सरळ घरात शिरून पुस्तक उघडून बसतो, ही गोष्ट लहान नव्हे. वकिलाच्या नजरेने पाहिले तर ती आणखी मोठी दिसते. राज्याच्या तिजोरीतून पूर्णतः अथवा अंशतः ज्यांचा खर्च चालतो अशा सार्वजनिक जागांचा वापर धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्या कारणावरून कोणासही नाकारता येणार नाही, असे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम सांगते. शासनाने आपल्या खर्चाने घराच्या सोप्यात पुस्तके मांडली आणि सर्वांस या म्हटले, की तेवढा सोपा ह्या कलमाच्या कक्षेत आला, असे आमचे मत आहे. कोणी हा मुद्दा कोर्टात नेलेला आमच्या पाहण्यात नाही आणि नेण्याचा प्रसंग न येवो. परंतु विहीर आणि तळे ह्यांच्यासाठी लिहिलेले कलम पुस्तकाच्या कपाटालाही लागू पडते, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे.

आता दार उघडे असणे आणि आत जाऊन बोलणे, ह्यांत अंतर असते. बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ ह्या दिवसापर्यंत त्या तळ्याचे पाणी आपल्या माणसाच्या ओंजळीत आले नव्हते. कागदावर हक्क होता, ओंजळ कोरडी होती. पाचगणीच्या पठारावरून मावळतीकडे घाट उतरले की पायथ्याच्या मुलखात तेच महाड आहे. आणि उगवतीकडे उतरले की वाई, आणि पुढे सातारा. ह्या दोन पायथ्यांची आठवण ठेवून आम्ही पुढील मजकूर लिहीत आहोत.

गेल्या उन्हाळ्यात पाचगणीस काही वाचनप्रिय मंडळी एका घरी जमली होती. भिलार पाहून आलेली, चांगली शिकलेली, मनानेही वाईट नव्हेत अशी. प्रत्येकाने आपण सध्या वाचीत असलेल्या कादंबरीविषयी दोन शब्द सांगावेत असे ठरले. चौघांपैकी दोघांनी 'मृत्युंजय'चे नाव घेतले. एका बाईंचे डोळे खरोखरच भरून आले. कर्णाला भर सभेत 'सूतपुत्र' म्हणून हिणविले, गुण असून त्याला जातीने मारले, असे त्या म्हणाल्या. सर्वांनी माना डोलावल्या. त्यानंतर एका तरुण शिक्षकाने 'फकिरा'चे नाव काढले. लगेच एक गृहस्थ म्हणाले, "हो, हो, थरारक आहे. तुमच्या साहित्यात फार दाहक वास्तव असते." तुमच्या! त्या शिक्षकाने तोवर आपले कोणते आणि तुमचे कोणते हे कोणालाही सांगितले नव्हते. कादंबरीच्या नावावरूनच त्याची जात काढली गेली. कर्णाच्या जातीसाठी रडून पाच मिनिटेही झाली नव्हती.

ह्या दोन अभिप्रायांचा हिशेब आपण मांडला पाहिजे. 'मृत्युंजय' १९६७ साली प्रसिद्ध झाली. शिवाजी सावंतांच्या लेखणीचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. मराठी वाचकांच्या कितीतरी पिढ्या तिच्यावर पोसल्या, त्यांत आपल्या वस्त्यांतील वाचकही आहेत. आपल्यातील अनेक तरुणांना कर्ण जवळचा वाटतो ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही; ज्याला दारातून हाकलले गेले आहे, त्याला हाकलला गेलेला नायक आपला वाटणारच. पण कर्णाची फिर्याद नीट वाचा. त्याचे म्हणणे काय आहे? तो कुंतीचा पुत्र आहे, सूर्याचा पुत्र आहे, म्हणजे जन्माने क्षत्रियच आहे. जन्मदात्रीने त्याला नदीत सोडले, म्हणून तो सूताच्या घरी वाढला. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर दप्तरी नोंद चुकली, एवढीच तक्रार आहे. नोंद दुरुस्त झाली की दावा निकालात निघतो. ज्या कायद्याने सूताला सभेत उभे राहू दिले नाही, त्या कायद्याविरुद्ध ह्या फिर्यादीत एक अक्षर नाही. वाचकाचा अश्रू सूतासाठी गळत नाही. सूत समजल्या गेलेल्या क्षत्रियासाठी तो गळतो. अधिरथ सूत होता, राधा सूताची बायको होती, त्यांनी परके मूल पोटच्या मुलासारखे वाढविले. परंतु अधिरथासाठी कोणाचे डोळे ओले झाल्याचे आम्ही अद्याप पाहिले नाही. एकलव्याच्या बाबतीत तर नोंदीचा घोळच नाही. तो निषाद म्हणून जन्मला आणि निषाद म्हणूनच त्याचा अंगठा गेला. म्हणून घराघरांतील कपाटांत कर्ण मानाने बसला आहे आणि एकलव्य शाळेच्या पुस्तकातील एका धड्यावर भागवून घेत आहे.

ही टीका आम्ही नव्याने शोधून काढली असे कोणी समजू नये. तिची मुळे एका मुलाने आपल्या बापास विचारलेल्या प्रश्नात आहेत. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथासाठी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती; पहिल्या आवृत्तीत तिला स्थान मिळाले नाही. तीत त्यांनी आपल्या बालपणीची हकीकत सांगितली आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यानिमित्त भरलेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मुलाच्या मनात प्रश्न उभा राहिला आणि त्याने तो वडिलांपुढे ठेवला: ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी वर्णिली आहे, ते रामायण-महाभारत आम्हांस का वाचावयास लावता? सुभेदार रामजी लष्करी शिस्तीचे असले तरी प्रश्नाला छडीने उत्तर देणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी उत्तर दिले की, आपण अस्पृश्य म्हणविले जातो, मनात न्यूनगंड शिरण्याचे भय आहे. तो काढण्यास हे ग्रंथ उपयोगी पडतात. द्रोण पाहा, कर्ण पाहा. लहान स्थितीतून किती उंच चढले!

म्हणजे पाचगणीच्या बैठकीत जो कर्ण पुढे आला, तोच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका कनवाळू बापाने आपल्या मुलापुढे ठेवला होता. मुलाने तो घेतला नाही. बापाच्या म्हणण्यात काही तथ्य आहे हे त्याने मान्य केले, पण त्याचे समाधान झाले नाही. महाभारतातील एकही पात्र आपणांस भावत नाही, असे त्याने सांगितले. भीष्म, द्रोण, कृष्ण ह्यांची वर्तणूक आपणांस का पटत नाही हे सांगितले. रामाने शूर्पणखेशी, वालीशी आणि सीतेशी जे केले त्याचाही जाब मागितला. वडील गप्प राहिले.

वाचकहो, आमच्या मते महाराष्ट्रातील कोणत्याही वाचकाने कोणत्याही ग्रंथावर दिलेल्या अभिप्रायांत हा अभिप्राय अव्वल दर्जाचा आहे. त्यात 'आवडले' नाही, 'रडू आले' नाही, 'भाषा सुरेख आहे' नाही. पात्राला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करून त्याच्या वर्तनाचा हिशेब मागितलेला आहे. आणि हेही पाहा की, हा प्रश्न विचारण्याचे बळ एका दुसऱ्या पुस्तकाने दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जे घडले, त्याच्या पूर्वतयारीत एका वाचकाचे बापाशी झालेले हे भांडण जमेस धरावेच लागेल. आपले धर्मांतर वाचनातून आलेले आहे. सबब, काय वाचता आणि काय मत आहे, हा प्रश्न आपणांस तरी चहाबरोबर सोडून देता येत नाही.

आता 'दाहक वास्तव' ह्या शब्दप्रयोगाकडे वळू. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. तेव्हापासून आपल्या लेखकांच्या पुस्तकांना एक ठराविक पदवी चिकटली आहे: अस्सल दस्तऐवज. ती देणाऱ्यास वाटते की आपण मोठा गौरव केला. आम्ही दस्तऐवजांतच आयुष्य घालविले आहे, त्यामुळे त्या शब्दाची खरी किंमत आम्हांस ठाऊक आहे. दस्तऐवज कोर्टात दाखल होतो, त्याच्यावर निशाणी क्रमांक पडतो आणि तो फाइलीत जातो. युक्तिवाद दुसरे करतात, निकालपत्र तिसरा लिहितो. दस्तऐवज स्वतः बोलत नाही. 'बलुतं'मध्ये दगडू हा दया पवारला आपली कहाणी सांगतो, म्हणजे एका माणसाने स्वतःचे दोन भाग करून त्यांना समोरासमोर बसविले आहे. ही योजना लेखकाची आहे, ती आपोआप रस्त्यावर सापडत नाही. पण ती पाहणार कोण? तिकडे भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) खानदेशातून पुण्यास शिकावयास आलेल्या तरुणाची हकीकत येते, तिच्यात लेखकाच्या आयुष्याचे किती धागे आहेत ह्याची चर्चा होते, तरी तिला कोणी दस्तऐवज म्हणून फाइल करीत नाही. ती कादंबरीच राहते, आणि राहावी. मग एकाचे आयुष्य कल्पनाशक्तीचा विषय आणि दुसऱ्याचे आयुष्य पुरावा, हा भेद कोणत्या कलमाखाली केला?

ह्याचा परिणाम असा झाला की, आपल्या लेखकांची आत्मकथने लोकांना ठाऊक आहेत आणि कादंबऱ्या ठाऊक नाहीत. शंकरराव खरातांचे उदाहरण घ्या. ते आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीचे. वकिलीची परीक्षा दिली, 'प्रबुद्ध भारत'चे संपादन केले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'तराळ अंतराळ' हे त्यांचे आत्मचरित्र पुष्कळांनी वाचले आहे. 'हातभट्टी', 'झोपडपट्टी' ह्या त्यांच्या कादंबऱ्या किती जणांनी उघडल्या? त्याच आटपाडी तालुक्याच्या माळरानावरची व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मात्र हरएक वाचकाच्या ओठांवर आहे. 'बनगरवाडी' ही उत्तम कादंबरी आहे, ह्याबद्दल वाद नाही. वाद एवढाच की, एकाच माळाचे दोन साक्षीदार असता एकाचीच साक्ष पूर्ण ऐकून घ्यावयाची आणि दुसऱ्याला 'तुमचे नाव, तुमची जात, तुमच्यावर काय अत्याचार झाला' एवढेच विचारून खाली उतरवावयाचे, ही उलटतपासणीची रीत न्यायाची नव्हे.

कोणी विचारील, कादंबरीची म्हणून एक परंपरा असते, तिचे निकष असतात, ते पाळावयास नकोत काय? परंपरा हा शब्द ऐकला की आम्हांस चवदार तळ्याचा दावा आठवतो. महाडच्या सवर्ण वादींनी बाबासाहेब व त्यांचे सहकारी ह्यांच्याविरुद्ध दावा लावून सांगितले होते की, अस्पृश्यांनी ह्या तळ्याला शिवू नये अशी अनादिकाळापासूनची वहिवाट आहे. नऊ वर्षांहून अधिक काळ तो दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला तो असा की, वहिवाट अनादि असल्याचे वादींना शाबीत करता आले नाही. जो वहिवाट सांगतो त्याने ती शाबीत करावी, हे तत्त्व वाङ्मयालाही लावून पाहू. मराठी कादंबरीच्या वहिवाटीचा पहिला कागद कोणता? १८५७ सालची 'यमुनापर्यटन'. ती कोणी लिहिली? बाबा पदमनजी ह्यांनी. ते कोण? १८५४ साली हिंदू धर्म सोडून ख्रिस्ती झालेले गृहस्थ. विषय काय? हिंदू विधवांचे हाल. आणि त्या कथेची वाटही धर्मांतरापर्यंत जाऊन पोहोचते. बाबा पदमनजींचा मार्ग तो आपला मार्ग नव्हे; बाबासाहेबांनी दाखविलेली वाट निराळी आहे. परंतु ज्या घराचा पायाच धर्म सोडणाऱ्या माणसाने धर्माची झडती घेण्यासाठी घातला, त्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून आज कोणी आपणांस सांगू लागला की, 'येथे चळवळ आणू नका, येथे शुद्ध कला नांदते', तर त्याचा दावा पहिल्याच मुद्द्यावर निकालात काढण्यासारखा आहे.

म्हणून आता 'फकिरा'. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी वि. स. खांडेकरांची 'ययाति' आली. योगायोग असा की, 'फकिरा'ला प्रस्तावनाही खांडेकरांचीच आहे; मोठ्या मनाने लिहिलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. पुढे एकीला ज्ञानपीठ मिळाले, दुसरीला १९६१ साली शासनाचे पारितोषिक मिळाले. एकीत एक राजा आहे, त्याला खावयास पुष्कळ आहे आणि त्याची वासना शमत नाही. दुसरीत दुष्काळ आहे, पोरे उपाशी आहेत आणि वारणेच्या खोऱ्यातील एक मांग तरुण धान्याचे कोठार फोडतो. दोन्ही भुकेच्याच कादंबऱ्या आहेत. त्यांपैकी पहिलीला 'मानवी जीवनाचे चिरंतन सत्य' म्हणतात आणि दुसरीला 'थरारक' म्हणतात.

थरारक! जुन्या दंडसंहितेच्या ३९५ व्या कलमाखाली फकिरावर दरोड्याचा आरोप सहज शाबीत होतो; कोणताही नवशिका सरकारी वकील तो शाबीत करील. कादंबरी विचारते ते निराळेच: ज्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले, गावाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी हजेरी लावावयास लावली, त्या कायद्याचा भंग करणारा गुन्हेगार की तो कायदा करणारा? गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली आला आणि १९५२ साली रद्द झाला. म्हणजे 'फकिरा' छापली गेली तेव्हा त्या हजेरीतून सुटून लोकांना सात वर्षेच झाली होती. अखेरीस फकिरा आपल्या माणसांवरील जाच थांबावा म्हणून स्वतः होऊन सरकारच्या स्वाधीन होतो. ह्या प्रसंगी ज्यांना फक्त घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, त्यांच्या कानांची तपासणी करावयास हवी.

बाबासाहेबांना रडविणाऱ्या पुस्तकांत व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' होती, असे त्यांनी स्वतः सांगितल्याचे चरित्रकारांनी नमूद केले आहे. टॉमस हार्डीची एक कादंबरी आणि टॉलस्टॉयचे चरित्र ही त्यांतील इतर दोन. ह्यूगोचा ज्याँ वालज्याँ बहिणीच्या उपाशी लेकरांसाठी एक पाव चोरतो, पाच वर्षांची शिक्षा होते, पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे ती वाढत वाढत एकोणीस वर्षे होते. फ्रान्समधील पावाची चोरी जगाच्या वाङ्मयात जाऊन बसली, वारणेकाठच्या जोंधळ्याची चोरी 'तुमच्या साहित्या'त राहिली. बाबासाहेब आणखी काही वर्षे आपल्यात असते तर 'फकिरा'विषयी काय बोलले असते, हे आम्ही सांगू शकत नाही. अण्णाभाऊंनी ती त्यांच्याच झुंजार लेखणीला अर्पण केली आहे, एवढे मात्र पहिल्या पानावर छापलेले आहे.

इथवर वाचून आपल्यातील काही मंडळी खूष झाली असतील. त्यांनाही दोन शब्द ऐकविल्याशिवाय आमचे काम पुरे होत नाही. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, मातंग समाजात जन्मलेले, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेले, मुंबईच्या रस्त्यांवरील पाट्या वाचून अक्षरे शिकलेले. ते कम्युनिस्ट होते आणि त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली नव्हती. ह्या दोन कारणांसाठी आपल्या किती विहारांतील कपाटांत त्यांच्या कादंबऱ्या नाहीत, हे ज्याने त्याने आपापल्या विहारात जाऊन पाहावे. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा उद्घाटनास त्यांनाच बोलाविण्यात आले होते. त्या पिढीने जी कवाडे लावली नाहीत, ती आपण लावणार काय? लेखकाची पोटजात पाहून पुस्तक उचलणारा बौद्ध आणि कादंबरीच्या नावावरून वाचकाची जात काढणारा पाचगणीचा तो गृहस्थ, ह्यांच्यात आम्हांस तरी फरक करता येत नाही.

दुसरी एक जात आहे ती 'कादंबरी म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग' असे म्हणणाऱ्यांची. आपले पदवीधर तरुण स्पर्धापरीक्षेची मार्गदर्शके वाचतात, बाबासाहेबांची चरित्रे वाचतात, फार तर एखादे आत्मकथन वाचतात. कादंबरी वाचणे त्यांना कमीपणाचे वाटते. ज्यांनी राजगृह पुस्तकांसाठी बांधले त्या पुरुषाचे हे अनुयायी! वेळ थोडा आहे ही सबब खरी असेल. मग फलटणच्या बेबीताई कांबळे ह्यांना वेळ कोठून मिळाला, हे त्यांनी पाहावे. त्यांचे किराणाचे छोटे दुकान होते. पुड्या बांधावयास आणलेल्या रद्दीचे कागद त्या गिऱ्हाईक नसताना वाचीत. पुढे ग्रंथालयातून पुस्तके आणू लागल्या. लिहू लागल्या तेव्हा ते लिखाण वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवावे लागले. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. ते रद्दीचे कागद बांधलेल्या पुड्यांबरोबर गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी वाचून घ्यावे लागत होते, आणि इकडे आपले पदवीधर वेळ नाही म्हणतात.

आता प्रत्यक्ष करावयाच्या गोष्टी. पाचगणीस जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की प्रवासी निघून जातात, बाजार ओस पडतो. नेमका तोच आपल्या वर्षावासाचा काळ. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत महाराष्ट्रातील विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाचे वाचन चालते. ते तसेच चालावे. परंतु आठवड्यातील एक संध्याकाळ वाचन संपल्यावर तासभर कादंबरीसाठी काढून ठेवावी, अशी आमची वाई, सातारा, पाचगणी, महाबळेश्वर येथील सर्व उपासक-उपासिकांना सूचना आहे. एकाच कादंबरीच्या चार-पाच प्रती जमवाव्यात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातील शाळकरी मुलाने वाचून दाखवावी. आरंभ 'फकिरा'ने करावा. मग बाबुराव बागुलांची 'सूड', मग खरातांची एखादी, मग 'मृत्युंजय'सुद्धा घ्यावी. ती वगळू नये, कारण बाबासाहेबांनी महाभारतावर रोष धरला तो ते वाचून धरला. बोलताना 'आवडली' आणि 'नाही आवडली' हे दोन शब्द त्या तासापुरते वर्ज्य समजावेत. पात्राने काय केले, का केले, लेखकाने कोणाला बोलू दिले आणि कोणाला गप्प ठेवले, एवढेच विचारावे. पहिले बोलणे घरातील बाईने करावे. पुरुषमंडळी एकदा बोलू लागली की तास पुरत नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या अधिनियमाखाली अनुदान घेतात. ते अनुदान आपल्याही करातून जाते. तेथे जाऊन वाचकांच्या सूचनांची वही मागावी. कोणती कादंबरी हवी, ती मागणी स्वच्छ अक्षरांत, तारीख आणि सही घालून लिहावी. तोंडी सांगू नये, तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही. महिनाभराने जाऊन वही पुन्हा उघडावी, आणि पुस्तक आले नसेल तर त्याच ओळीखाली दुसरी तारीख घालावी. भिलारलाही जावे. कादंबऱ्यांच्या घरी जाऊन खुशाल दिवसभर बसावे, घरधन्याशी बोलावे, आणि उठण्यापूर्वी शेजारी बसलेल्या अनोळखी वाचकाला विचारावे: सध्या आपण कोणती कादंबरी वाचता, आणि अधिरथाविषयी आपले मत काय?